रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा?

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३६. धाकट्या दिरांबरोबर त्या पाच जणांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतात. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना मेस शोधून देणारं त्यांचं ॲप बरं चाललं आहे. आता चाकणच्या एका कंपनीकडून काम आलंय. वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. तपासणीच्या नोंदी, रिजेक्ट झालेला माल, गेटवरची आवक-जावक आणि साहेबांच्या मंजुऱ्या, हे सगळं मोबाइलवर हवंय. वापरणारे १८० जण. कंपनीच्या आयटी प्रमुखांचा आग्रह आहे की काम ‘एंटरप्राइझ प्लॅटफॉर्म’वरच व्हावं, म्हणजे माणशी लायसन्स भरून वापरायच्या लो-कोड प्लॅटफॉर्मवर, जिथे फारसा कोड न लिहिता तयार तुकडे जोडून ॲप बनतं. दीर म्हणतात, ‘लायसन्स म्हणजे निव्वळ लूट. आपलं मेसचं ॲप फ्लटरमध्ये केलं, हेही तीन महिन्यांत करू.’ फ्लटर म्हणजे स्वतः कोड लिहून ॲप बनवायचं गुगलचं साधन. आयटी प्रमुखांचं ऐकलं तर आपण फक्त दुसऱ्याचे तयार तुकडे जोडणारे होऊ, दिरांचं ऐकलं तर काम हातचं जाईल, अशी ताईंना भीती वाटते. ‘रोज जेवताना हाच विषय असतो. सासूबाई वैतागून म्हणतात, एकदाचं काय ते ठरवा. ग्राहकांच्या ॲपसाठीचे प्लॅटफॉर्म आणि एंटरप्राइझ प्लॅटफॉर्म, यांत चांगलं काय?’

ताई,

सासूबाईंशी मी सहमत आहे, ठरवायला हवंच. पण तुमच्यासमोर दोनच पर्याय आहेत आणि त्यांतला एक उचलायचा आहे, हे मला पटत नाही. तुमचे दीर आणि ते आयटी प्रमुख एकाच गोष्टीवरून भांडताहेत असं तुम्हाला वाटतंय. मला पत्र वाचून तसं वाटलं नाही. दीर ॲप बनवण्याबद्दल बोलताहेत, साहेब ॲप बनून झाल्यावरच्या पाच वर्षांबद्दल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघांनीही समोरच्याचं अर्धंच ऐकलंय.

आधी दिरांचं घेऊ. ‘मेसचं ॲप केलं, तर हेही करू.’ फ्लटर येतं, हाताशी माणसं आहेत, पहिली आवृत्ती तीन महिन्यांत होईलही. गफलत वेगळ्याच ठिकाणी आहे. मेस शोधणाऱ्या मुलाला तुमचं ॲप आवडलं नाही, तर तो बाजीराव रस्त्यावर उभ्या उभ्या ते काढून टाकतो आणि मित्राला विचारतो. तुम्हाला वाईट वाटतं, पण कळतं तरी. आकडा घसरतो, स्टोअरवर एक तारा देऊन कुणीतरी शिव्या घालतो आणि तुम्ही दुरुस्ती करता.

चाकणच्या कामगाराला ॲप काढून टाकायची मुभा नसते. मग तो काय करतो? मशीनशेजारी वही ठेवतो. तपासलेल्या नगांची मापं पेनाने त्या वहीत जातात, कारण हातमोजा घालून त्या बारीक चौकटींत आकडे टाकता येत नाहीत आणि शेडच्या आतल्या बाजूला रेंज नसते. पाळी संपायला वीस मिनिटं उरली की सुपरवायझर सगळ्यांच्या वह्या गोळा करतो आणि एकाच माणसाच्या लॉगिनने चाळीस नोंदी भराभर टाकतो. साहेबांच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार. असं एखादं ॲप वर्षानुवर्षं ‘यशस्वी’ म्हणून चालत राहतं. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण तक्रार केली तर वही बंद करतील.

त्यामुळे दिरांना सांगा की इथे वापरणारा आणि पैसे देणारा ही वेगळी माणसं आहेत. वापरणारा नाराज असल्याची बातमी तुमच्यापर्यंत आपोआप येणार नाही, ती आणायला जावं लागेल. कोटेशन देण्याआधी तुम्ही दोघं एकदा तिसऱ्या पाळीला कारखान्यात जाऊन उभे राहा. परवानगी मागितली तर मिळते, उलट मान वाढतो. तिथे गेल्यावर असे प्रश्न समोर येतील जे पेठेत कधीच पडले नसते. उदाहरणार्थ, रात्री बारानंतर टाकलेली नोंद कोणत्या तारखेची? फोनच्या घड्याळाप्रमाणे दुसऱ्या दिवसाची. पण कारखान्याच्या हिशेबात सहसा पाळी ज्या दिवशी सुरू झाली, त्या दिवसाची. हे आधी विचारलं नाही, तर पहिल्याच महिन्याचा रिजेक्शनचा अहवाल जुळणार नाही आणि त्याचं खापर फ्लटरवर फुटेल. रेंज नसताना दोन तपासनीसांनी एकाच बॅचबद्दल दोन वेगळ्या नोंदी केल्या, तर रेंज आल्यावर खरी कोणती धरायची? त्याचं उत्तर उत्पादन विभाग देईल, प्रोग्रामर नाही. मात्र ते उत्तर कोडमध्ये उतरवायला जे कष्ट लागतात ते दिरांनी तीन महिन्यांत धरलेले नाहीत, असा माझा दाट संशय आहे.

आता आयटी प्रमुख. ते ‘एंटरप्राइझ प्लॅटफॉर्म’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं? फोन हरवला तर आतली माहिती लांबून पुसता यावी. कंपनीच्या लॉगिननेच आत येता यावं, माणूस सोडून गेला की त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद व्हावं. कुणी कधी काय बदललं याची नोंद राहावी. सॅपमधला, म्हणजे कंपनीचा सगळा हिशेब ज्या सॉफ्टवेअरमध्ये असतो त्यातला बॅच नंबर आणि ॲपमधला बॅच नंबर एकच असावा. सगळ्या मागण्या रास्त आहेत. पण एवढं सगळं एकाच वस्तूत विकत मिळतं आणि ती वस्तू म्हणजे लो-कोड प्लॅटफॉर्म, ही समजूत विकणाऱ्यांनी करून दिलेली आहे.

खरं तर इथे चार थर आहेत आणि ते वेगवेगळे निवडता येतात. ॲप कशात लिहायचं हा एक. सर्व्हर आणि डेटा कुठे ठेवायचा हा दुसरा. फोनवर ताबा कसा ठेवायचा हा तिसरा, त्याला एमडीएम म्हणतात. आणि ॲप लोकांच्या फोनवर पोचवायचं कसं, हा चौथा. अँड्रॉइडमध्ये २०१४च्या लॉलिपॉप आवृत्तीपासून वर्क प्रोफाइलची सोय आहे. एकाच फोनवर कंपनीचं वेगळं आणि माणसाचं खासगी वेगळं राहतं आणि कंपनीला फक्त आपला भाग पुसता येतो. हा फोन-व्यवस्थापनाचा भाग झाला. आतलं ॲप फ्लटरमध्ये लिहिलंय, अँड्रॉइडच्या कोटलिन भाषेत की मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्स या लो-कोड प्लॅटफॉर्मवर, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. कंपनीच्या लॉगिनचंही तेच. ओपनआयडी कनेक्ट ही लॉगिन जोडायची ठरलेली पद्धत पाळणारं कोणतंही ॲप कंपनीच्या लॉगिनला जोडता येतं. साहेबांशी बोलताना ‘आम्हाला तुमचा प्लॅटफॉर्म नको’ असं म्हणू नका. त्यांच्या प्रत्येक मागणीपुढे, ती कोणत्या थरात आणि कशी पुरी होईल, हे एका कागदावर लिहून न्या. निम्मा वाद तिथेच मिटेल.

उरलेला निम्मा मात्र मिटणार नाही, कारण तो तंत्राचा नाहीच. पाच जणांची तुमची कंपनी उद्या बंद पडली, दिरांना कॅनडात नोकरी लागली, तर रात्री दोन वाजता गेटवर ट्रक अडकलेला असताना फोन कुणाला करायचा? मोठ्या नावाचा प्लॅटफॉर्म घेतला की निदान वरिष्ठांना सांगायला एक नाव असतं. साहेबांना हमी हवी आहे. ती तुम्ही दुसऱ्या मार्गांनीही देऊ शकता. सोर्स कोड पहिल्या दिवसापासून कंपनीच्या खात्यात ठेवा. प्ले कन्सोलचं, म्हणजे गुगल प्लेवर ॲप चढवायचं खातं, ॲपवर सही करायची किल्ली, सर्व्हरचं बिल, सगळं त्यांच्या नावावर. आणि पुण्यात फ्लटर येणारी माणसं हिंजवडीपासून खराडीपर्यंत सापडतात, उलट एखाद्या अनवट लो-कोड प्लॅटफॉर्मचा जाणकार शोधायला वेळ लागतो, हेही नम्रपणे सांगा. नम्रपणे म्हणजे पुणेरी नम्रपणे नव्हे.

मोठ्या नावाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण ‘मोठ्या कंपनीचं आहे, टिकेल’ हे तुम्हीही पत्रात एके ठिकाणी म्हटलंय. पार्स नावाची सेवा होती, छोट्या ॲपवाल्यांचा सर्व्हरचा सगळा भार उचलणारी. फेसबुकने ती २०१३मध्ये विकत घेतली, जानेवारी २०१६मध्ये बंद करत असल्याचं सांगितलं आणि वर्षभरात बंद केलीही. झामारिन या ॲप लिहायच्या साधनावर कितीतरी कंपन्यांनी आपली अंतर्गत ॲप उभी केली होती. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने ती घेतली आणि १ मे २०२४ला तिचा आधार काढून घेतला. पुढची वाट मॉई या आपल्याच नव्या साधनाची दाखवली, पण त्या वाटेने जायचं म्हणजे कोडला हात लावणं आलंच. लो-कोडवाल्यांपैकी मेंडिक्स २०१८मध्ये सीमेन्सकडे गेली, कोनी २०१९मध्ये टेमेनॉस या बँकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीकडे. यांतल्या काही आजही जोरात आहेत, आणि प्लॅटफॉर्म विकला गेला म्हणजे बुडाला असं मुळीच नाही. पण मालक बदलला की दर बदलतात आणि कुणाकडे लक्ष द्यायचं तेही बदलतं. फ्लटर गुगलचं आहे. गुगलनेही आपल्या कितीतरी गोष्टी बंद केल्यात. फरक इतकाच की फ्लटर मुक्त स्रोत आहे आणि तुमचा कोड तुमच्याजवळ राहतो. लो-कोडमध्ये बहुतेक वेळा डेटा बाहेर काढता येतो, पण स्क्रीन, नियम, मंजुरीचे टप्पे हे सगळं तिथेच राहतं. म्हणून कोणताही प्लॅटफॉर्म घेताना विचारायचं ते हे, की आम्ही सोडून जायचं ठरवलं तर हातात काय घेऊन जाऊ? विक्रेत्याने ‘तशी वेळच येणार नाही’ असं उत्तर दिलं, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आता पैसे. दीर ‘लूट’ म्हणतात, साहेब ‘लायसन्सचं बजेट वेगळं असतं’ म्हणतात. हिशेब करूनच बघा. मी इथे आकडे समजुतीपुरते घेतोय, तुम्ही प्रत्यक्ष कोटेशन घाला. समजा लायसन्स माणशी महिना ५०० रुपये आहे आणि लो-कोडवर बांधणीचा खर्च ४ लाख. फ्लटरमध्ये बांधणी १२ लाख आणि पुढची चार वर्षं देखभाल दरसाल ३ लाख, म्हणजे पाच वर्षांचे २४ लाख. लायसन्सचे पाच वर्षांत माणशी ३० हजार होतात. १८० माणसांचे ५४ लाख, वर बांधणीचे ४, एकूण ५८ लाख. इथे दीर जिंकले. पण वापरणारे ३०च असते तर? ९ लाख आणि ४, म्हणजे १३ लाख. तिथे फ्लटरचा आग्रह म्हणजे नुसती हौस. या आकड्यांत दोन्ही बाजू ६५-७० माणसांच्या आसपास बरोबरीत येतात. म्हणून लूट आहे की नाही हे माणसं मोजल्यावर कळतं, तत्त्वाने नाही.

आणि माणसं मोजताना एक खाचखळगा आहे. तुम्ही १८० लिहिलंय, त्यांतले कंत्राटी किती? चाकणला ही संख्या लहान नसते. कंत्राटी कामगाराकडे कंपनीचा ईमेल आयडी नसतो, आणि बहुतेक एंटरप्राइझ प्लॅटफॉर्मचं लॉगिन आणि लायसन्स दोन्ही त्या आयडीवर उभं असतं. शिवाय ही माणसं दर काही महिन्यांनी बदलतात. मग एचआरने प्रत्येकासाठी आयडी काढायचा, लायसन्स लावायचं, काढायचं, पुन्हा लावायचं? प्रत्यक्षात काय होतं ते वर सांगितलं, सुपरवायझरच्या एका लॉगिनवर सगळा कारभार. बरं, तपासणीच्या टेबलावरचा एकच फोन तीन पाळ्यांत तीन माणसं वापरणार असतील, तर हिशेब माणशी करायचा की यंत्रामागे? हे साहेबांनाच विचारा. चांगला प्रश्न आहे, त्यांनाही आवडेल. तुमच्या ॲपमध्ये याची सोय बिल्ल्यावरचा बारकोड आणि चार आकडी पिन अशी साध्या रीतीने करता येते.

साहेब म्हणतील, ‘आमच्याकडे मायक्रोसॉफ्टची लायसन्स आधीच आहेत, पॉवर ॲप्स त्यात फुकट येतं.’ येतं, पण अर्धवट. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या बऱ्याच योजनांमध्ये पॉवर ॲप्सचा मर्यादित वापर मिळतो. सॅपला जोडायचा कनेक्टर मात्र प्रीमियम आहे, तो लागला की प्रत्येक वापरणाऱ्यामागे वेगळे पैसे. तुमच्या कामात सॅप आहेच. आणि एक तांत्रिक गोष्ट, जी पहिल्या डेमोत कधीच दिसत नाही. पॉवर ॲप्समध्ये काही प्रकारच्या शोध-मोजण्या डेटाच्या मुळाशी होत नाहीत, फोनवर होतात, आणि त्यासाठी सुरुवातीला पहिल्या ५०० ओळीच येतात. मर्यादा वाढवून २,००० पर्यंत नेता येते, त्यापुढे नाही. डेमोत पन्नास नोंदी असतात, सगळं झकास. तपासणीच्या नोंदी २,००० ओलांडायला कारखान्याला किती दिवस लागतील? त्यानंतर ॲप बंद पडत नाही, बेरीज चुकीची दाखवतं. ॲप बनवताना तिथे पिवळी खूण येते, तिच्याकडे दुर्लक्ष करायचं नाही आणि सूत्रं त्या बेताने लिहायची. जाणकार माणूस हे सांभाळतो. पण ‘लो-कोड आहे, कुणीही करेल’ या भरवशावर दिलेलं काम इथे फसतं.

एवढं ऐकून दीर मिशीला पीळ देत असतील तर थांबवा त्यांना. लो-कोडची खरी ताकद मंजुऱ्यांत आहे. रजा, ठरलेल्या मापापेक्षा थोडा वेगळा माल चालवून घ्यायची परवानगी, रिजेक्ट माल परत पाठवायची सही, खर्चाचं बिल. फॉर्म, तीन टप्प्यांची मंजुरी, कुणी कधी मान्य केलं याची नोंद, मेलवर आठवण. हे सगळं तिथे तयार असतं. आणि मंजुरीचे नियम दर तिमाहीला बदलतात. आज प्लांट हेडची सही लागते, उद्या क्वालिटी हेडची. हा बदल कंपनीतल्याच कुणी दुपारच्या चहापर्यंत करून टाकावा. त्यासाठी तुम्हाला फोन करून, तुम्ही कोड बदलून, नवी आवृत्ती काढणं हा दोन्हीकडच्या वेळेचा अपव्यय आहे. असली कामं आपल्याकडे ठेवण्यात प्रतिष्ठा मानू नका.

तर माझं मत असं की या कामाचे दोन तुकडे करा. मंजुऱ्या, त्या वापरणारे पंधरा-वीस अधिकारी, हे साहेबांच्या आवडीच्या प्लॅटफॉर्मवर जाऊ द्या. लायसन्सही तेवढीच लागतील. शेडमधली तपासणी आणि गेट, जिथे रेंज नाही, हातमोजे आहेत, माणसं बदलती आहेत आणि नोंदी ढिगाने आहेत, ते फ्लटरमध्ये तुम्ही करा. दोन्ही एकाच डेटाबेसला एपीआयने, म्हणजे दोन सॉफ्टवेअरना जोडणाऱ्या दुव्याने बोलतील, आणि ती एपीआय नीट लिहिणं हेच तुमचं या कामातलं सगळ्यात मोलाचं काम असेल. ‘आपण तुकडे जोडणारे होऊ’ ही तुमची भीती मला कळते. पण सॅपमधला बॅच, शेडमधला फोन आणि साहेबांची मंजुरी यांना एका धाग्यात ओवणं हे जोडकाम असलं तरी ते येणारी माणसं मोजकी आहेत. मेसच्या ॲपने तुम्हाला ते शिकवलेलं नाही. हे काम शिकवेल.

फ्लटरच का, कोटलिन का नाही, असं कुणी विचारलं तर तेही रास्त आहे. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही निघतात, हा फ्लटरचा मोठा गुण. पण इथे शेडमधले फोन कारखानाच विकत घेणार, ते सगळे अँड्रॉइडच असणार, म्हणजे तो गुण वाया. कंपनी जर झेब्रा किंवा हनीवेलची बारकोड वाचणारी दणकट यंत्रं घेणार असेल, तर स्कॅनरशी बोलायला थोडा कोटलिन लिहावा लागू शकतो. कोरी पाटी असती तर मी सरळ कोटलिन म्हटलं असतं. तुमच्याकडे फ्लटरचे तयार हात आहेत, म्हणून फ्लटर आणि स्कॅनरपुरता कोटलिनचा छोटा पूल. फक्त यंत्रं कोणती येणार हे आधी ठरवून घ्या आणि त्यांतलं एक आपल्या टेबलावर महिनाभर आणून ठेवा. साध्या फोनवर चाचणी करून त्या यंत्रावर ॲप टाकलं की काय काय होतं, याच्या कहाण्या तुम्हाला भोसरीपासून रांजणगावपर्यंत ऐकायला मिळतील.

ॲप पोचवण्याबद्दल. कृपा करून व्हॉट्सॲप ग्रुपवर एपीके, म्हणजे ॲपची फाइल, टाकू नका. मला माहितीये, सगळे टाकतात. मग अर्ध्या फोनवर जुनी आवृत्ती राहते, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडेही फाइल असते. मॅनेज्ड गुगल प्ले या कंपन्यांसाठीच्या स्टोअरमधून ॲप खासगी म्हणून फक्त त्या कंपनीच्या फोनवर उतरवता येतं. ते सार्वजनिक स्टोअरवर दिसत नाही. कायम खासगी ठेवलेल्या ॲपला गुगलची दरवर्षीची नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेण्याची सक्तीही नाही, जी तुम्हाला मेसच्या ॲपसाठी पाळावी लागते. अधिकाऱ्यांपैकी कुणाकडे आयफोन असतील तर ॲपल बिझनेस मॅनेजरमधून कस्टम ॲप द्या. ॲपलची २९९ डॉलरची एंटरप्राइझ योजना वेगळी आहे, तिला किमान १०० कर्मचाऱ्यांची संस्था लागते, आणि तिच्या भानगडीत पडायची तुम्हाला गरज नाही. जानेवारी २०१९मध्ये फेसबुक आणि गुगलने त्या योजनेतून बाहेरच्या लोकांना ॲप वाटल्याचं उघड झालं, तेव्हा ॲपलने दोघांचीही प्रमाणपत्रं काही काळ रद्द केली आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांची अंतर्गत ॲप बंद पडली.

हजेरीसाठी सेल्फी, गेटवर ड्रायव्हरचा फोटो, लोकेशन, अशा मागण्या मधेच येतील. ‘सोपं आहे, टाकून देऊ’ म्हणायच्या आधी थांबा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदारी कंपनीवर येते, तुम्ही तिच्या वतीने डेटा हाताळणारे. पण दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी असलेल्या कायद्यात ‘आम्हाला सांगितलं म्हणून घेतला’ हे वाक्य करारात लेखी असलेलं बरं. कोणता डेटा, कशासाठी, किती दिवस ठेवायचा, हे कंपनीकडून लिहून घ्या. आणि नको तो डेटा घेऊच नका.

अशीच दुविधा असलेल्या इतरांसाठी थोडं. तुमचा वीस-पंचवीस माणसांचा कारखाना किंवा दुकान असेल, तर सल्लागार शोधण्याआधी झोहो क्रिएटर किंवा गुगलचं ॲपशीट असं एखादं लो-कोड साधन घेऊन घरच्याच एखाद्या हुशार मुलीला महिनाभर बसवा. निम्मी कामं तिथेच भागतील. उलट, अनोळखी लोकांनी आपणहून डाउनलोड करावं असं ॲप काढायचं असेल, तर माणशी लायसन्सच्या प्लॅटफॉर्मकडे फिरकूही नका, पहिल्या हजार लोकांतच कंबरडं मोडेल. आणि वैयक्तिक नावाने प्लेवर नवं खातं काढणाऱ्यांनी वेळापत्रकात किमान बारा जणांची सलग १४ दिवसांची बंद चाचणी, म्हणजे फक्त निवडक लोकांना ॲप देऊन केलेली चाचणी, धरावी. १३ नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ती लागते. नोकरदार मंडळींपैकी बरेच जण विचारतात की लो-कोडमध्ये अडकलो, आता बाहेर कसं पडू. तुम्हाला सॅप कळतं, मंजुऱ्या कळतात, कारखाना कळतो. त्याच्या जोडीला एक भाषा शिकायला सहा-आठ महिने लागतील. उलट्या बाजूने येणाऱ्याला कारखाना कळायला जास्त लागतात.

ताई, आता घरातलं. दीर आणि वहिनी भागीदार असले की तांत्रिक मतभेदही घरातले होतात, आणि माघार घेणारी बहुतेक वेळा वहिनीच असते. पत्रात तुम्ही ‘माझं तांत्रिक ज्ञान त्यांच्याइतकं नाही’ असं दोनदा लिहिलंय. या कामात जे प्रश्न अवघड आहेत ते पाळीचे, कंत्राटी माणसांचे, कराराचे आणि वसुलीचे आहेत, आणि पत्रावरून दिसतंय की ते तुम्हालाच आधी दिसतात. तेव्हा कोडचा निर्णय दिरांचा आणि कराराचा तुमचा, असं सासूबाईंसमोर एकदा वाटून घ्या. त्या साक्षीदार म्हणून उत्तम आहेत.

करारात दोन गोष्टी सोडू नका. १८०वर एकदम उडी नको. एक शेड आणि एक गेट, सहा आठवडे, त्याचे वेगळे पैसे. त्या सहा आठवड्यांत वह्या खरंच बंद झाल्या का, हे तुम्ही स्वतः शेडमध्ये जाऊन बघायचं आणि तोच यशाचा निकष म्हणून लिहायचा. दुसरं, देखभालीचा दर, म्हणजे एएमसी, आजच ठरवा. रात्रपाळीचे फोन त्यात आहेत की नाहीत हेही लिहा. असतील तर दर वेगळा. वाढीव दर मागायला संकोच करू नका. साहेबांना जी हमी हवी होती ती हीच आहे आणि तिचे पैसे द्यायला ते तयार असतात.

मेसचे पैसे यूपीआयने तिथल्या तिथे येतात, कारखान्याचे तसे येत नाहीत. उद्यम नोंदणी नसेल तर या आठवड्यात करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि उशिरा दिले तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच आयकरात वजा होतो, आधी नाही, हे त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना चांगलं माहीत असतं. तुम्हालाही माहीत आहे हे त्यांना कळावं, म्हणून उद्यम क्रमांक पहिल्याच बिलावर छापा.